भिंतीच्या आतला इनास

हे सगळंच्या सगळं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, फादरलासुद्धा नाही — आणि आमच्यात फादरला सगळं सांगायची सोय मुद्दाम करून ठेवलेली आहे. कुमसार म्हणतो आम्ही तिला. लाकडी जाळीपलीकडे फादर कान देऊन बसतो, अलीकडे आपण गुडघे टेकायचे, केलेली पापं सांगायची आणि मोकळं व्हायचं. आठव्या वर्षापासून करत आलेय. गूळ चोरला ते सांगितलं, आईला उलटून बोलले ते सांगितलं, मोठेपणी तर सांगू नयेत अशाही दोन-चार गोष्टी सांगितल्या. ही एक, यंदापर्यंत, नाही. ओठांपर्यंत यायची आणि मी पटकन दुसरंच काहीतरी बोलायची.

आज सांगणार. ठरवून बसलेय. मध्येच इकडचं तिकडचं बोलायला लागले तर मला समजून घेऊ नका, ओढून परत आणा.

आधी मोठी माय सांगते. तिच्याशिवाय यातलं काहीच कळायचं नाही.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांची आई. लोक इजाबाय म्हणायचे. वसईकडची, लग्न करून कर्जतला आली, कारण आजोबा रेल्वेत फिटर होते. इतकी वर्षं इथं काढली की बोलणं अगदी इथलं झालं — हाय, नाय, आमी, तुमी. आजोबांचं नाव इनास. ते तापानं गेले तेव्हा तिच्या पदरात पाच पोरं. रडत बसली नाही. सिझनभर माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकाला जायची, उरलेलं वर्ष कर्जतमध्ये कुणाचे मसाले कुटून दे, कुणाचं बाळंतपण कर. पाचही पोरं तिनं शिकवली आणि पाचांना रोज संध्याकाळी गुडघ्यावर बसवून जपमाळ म्हणायला लावली. जपमाळ म्हणताना कोंबडी अंगणात शिरली तर "नमो मरिये" आणि "हुश्श, मेले" एका श्वासात म्हणायची. देवाला त्याचं काही वाटत नाही, असं तिचं म्हणणं.

संतांशी तिचं नातं दिरा-नणंदांसारखं होतं. काही हरवलं की संत आंतोनीला साकडं. सापडेपर्यंत त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून. एकदा कोंबडी हरवली तेव्हा आंतोनी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होता. कोंबडी भागीकाकूंच्या पडवीत अंडी उबवत बसलेली सापडली, तेव्हा मोठ्या मायनं तसबीर सरळ केली आणि त्याला सुनावलं, "एवढं सांगायला दोन दिवस लागले तुला?"

भागीकाकू आमच्या शेजारच्या. शेतकरी कुटुंब, घरात गणपती बसायचा. दिवाळीला त्यांच्या करंज्या आमच्याकडे, नाताळला आमचे पदार्थ त्यांच्याकडे. आळीतली बाळंतपणं दोघी मिळून करायच्या. त्यांचा देव वेगळा, आमचा वेगळा, पण कुणाची बाळंतीण अडली की दोघी एकाच वाटेनं निघायच्या.

आणि आळीत सगळे म्हणायचे — इजाबायला कुणी फसवू शकत नाही. मी गूळ खाल्ला की ती माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखायची. म्हणायची, "देवाला फसवशील, मला नाय."

आता तो बाहेरचा.

मोठ्या मायचं पहिलं मूल जन्मलं आणि घटकाभरात गेलं. तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची, बेशुद्ध पडलेली. त्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचं कुणाला सुचलं नाही. तुम्ही आमच्यातले नसाल तर सांगते — बाप्तिस्म्याशिवाय मेलेल्या बाळाला त्या काळी स्वर्ग नव्हता. नरकही नव्हता. मधलीच एक जागा. मोठी माय तिला अंधारातली धर्मशाळा म्हणायची. आणि अशा बाळाला दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा नसायची. आजोबांनी स्वतः खणलं, भिंतीच्या बाहेर, करंजाच्या झाडाखाली. नाव नाही, क्रूस नाही. मोठी माय त्याला "आमचा बाहेरचा" म्हणायची. दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, आत आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावून झाली की ती एकटी फाटकातून बाहेर पडून भिंतीला वळसा घालायची आणि करंजाखाली दुसरी लावायची. आम्ही पोरं आतून बघायचो. भिंतीवरून तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसायचा.

म्हणून तिनं आम्हा सगळ्या नातवंडांना एक गोष्ट शिकवली. फादर महिन्यातून एकदा यायचा. तो येईपर्यंत मरण थोडंच थांबतंय? अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं — बाई, पोर, कुणीही. फादर लागत नाही, चर्च लागत नाही. कपाळावर पाणी ओतायचं, नाव घ्यायचं आणि म्हणायचं, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते. पाणी नुसतं लावायचं नाही, वाहिलं पाहिजे. आणि पाणी कुठलंही चालतं. विहिरीचं, नदीचं, पिण्याचं. हे ती पुन्हा पुन्हा सांगायची — "कुटलं बी चालतंय गं, पाणी म्हंजे पाणी."

हे तिनं आम्हाला दुधीवर शिकवलं. हसू नका, खरंच. बाळाएवढा दुधी मांडीवर घ्यायचा, मान सावरायची, वाटीनं पाणी ओतायचं. आम्ही चुलत-आत्ते भावंडं दुधीला नावं ठेवायचो. संध्याकाळी तो दुधी कालवणात पडायचा आणि आम्ही म्हणायचो, आज पेद्रूचं कालवण आहे. सगळ्यांत मी हुशार. एकदाही शब्द चुकले नाहीत. मोठी माय सगळ्यांना सांगायची, "फिलूचा हात पक्का हाय."

बघा, किती लांबवलं मी. बरं. आता त्या दिवसावर येते.

मी अकरा वर्षांची होते. आईला आठवा महिना. भातकापणीचे दिवस, आळी रिकामी, सगळे शेतांवर. बाबा ड्यूटीवर. मोठी माय सकाळच्या गाडीनं खोपोलीला आत्याकडे गेली होती. आत्याला बाळाची धर्ममाता व्हायला विचारायचं होतं आणि बाप्तिस्म्याचा झगा आणायचा होता. आमच्या घरात एकच झगा, पांढरा, जाळीची किनार असलेला. आम्ही सगळे त्यातूनच गेलेलो. शेवटचा तो आत्याच्या मुलाला घातला होता म्हणून तिच्याकडे होता. बाळाला अजून महिना होता, म्हणून मोठी माय निर्धास्त गेली.

दुपारी आईला कळा सुरू झाल्या. मी पळत भागीकाकूंना बोलावलं, त्या नेमक्या घरी होत्या. फार वेळ लागला नाही. मुलगा झाला. एवढासा, निळसर. रडणं म्हणजे नुसती मांजरीच्या पिल्लासारखी कुरकुर. आई पांढरी पडली, डोळे मिटले तिचे. भागीकाकूंचे दोन्ही हात आईला सांभाळण्यात. त्यांनी बाळ फडक्यात गुंडाळून माझ्यापुढं सुपात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे नाय टिकायचं गं. इजाबाय करते ते तुला म्हाईत हाय ना? कर बाय लवकर."

मी म्हणाले, "पाणी आणते." घागर उचलली आणि मागच्या विहिरीवर गेले.

विहीर आमच्या मागल्या दारापासून हाकेच्या अंतरावर. मी पोहरा सोडला, वर ओढला, घागरीत ओतला. मग घागरीतलं पाणी परत विहिरीत ओतलं. पुन्हा पोहरा सोडला. पाय धुतले. काठावर बसले. तिथून ऐकू येत होतं ते. ती कुरकुर. कमी व्हायची, थांबायची, पुन्हा यायची. आणि मी — हेच ते, हेच मला तीस वर्षांत बोलता आलं नाही — मी ती थांबायची वाट बघत होते. म्हणजे मला आत जावं लागणार नाही. म्हणजे त्याला हात लावावा लागणार नाही.

शब्द आठवत नव्हते असं नाही. तिथं काठावर बसून मी ते मनात म्हणून पाहिले, सगळे बरोबर आले. मला त्याची भीती वाटत होती, बस्स. त्याच्या निळ्या ओठांची. फादरशिवाय, घरच्या घरी, ते पाणी मरणाऱ्यावरच ओतायचे. मी ओतलं की तो मरणार, माझ्या मांडीवर, असं काहीतरी डोक्यात होतं. लहान होतीस गं, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. अकरा वर्षांची पोर भाकरी भाजते, विहिरीतून पाणी ओढते. वाटीभर पाणी ओतता आलं नसतं?

आवाज थांबला. मी अजून थोडा वेळ बसले, खात्री करायला. मग घागर घेऊन आत गेले. भागीकाकूंनी फडकं बाळाच्या तोंडावर ओढलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आईला पुसत राहिल्या.

दिवस कलताना मोठी माय आली. बगलेत पिशवी, पिशवीत झगा. उंबऱ्यातच तिला कळलं. आईच्या कपाळावर हात ठेवला, ती जिवंत आहे हे पाहिलं, मग बाळाजवळ बसली. मग वळली. तिनं "पाणी घातलंस का" असं विचारलं नाही. ती म्हणाली, "पाणी घातलंस ना गं, फिलू?"

त्या "ना"वर मी काय बोलणार होते? तिचा चेहरा मला अजून दिसतो. करंजाखालचं सगळं त्या चेहऱ्यावर होतं. मी म्हणाले, "हो."

"नाव?"

"इनास."

आजोबांचं नाव का घेतलं? सुचलं म्हणून? नाही. खोटं बोलतेय हे तिला कळू नये म्हणून. मला आतून ठाऊक होतं की हे नाव ऐकल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघणारच नाही. आणि तसंच झालं. तिनं मला ओढून छातीशी धरलं आणि रडली आणि हसली. देवा रे, काय रडली! जिला कुणी फसवू शकत नव्हतं, तिला मी एका नावात फसवलं. भागीकाकू दारात ओले हात घेऊन उभ्या होत्या. मी जमिनीकडे बघत होते.

इनासला त्याच झग्यात ठेवला. भिंतीच्या आत. फादर आला तेव्हा त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं — पाणी कुठलं, शब्द काय म्हणालीस, पाणी कपाळावरून वाहिलं का? मी सगळी उत्तरं बरोबर दिली. दुधीवर पक्कं शिकले होते ना. त्यानं मला एक जपमाळ बक्षीस दिली. एक आत्मा वाचवलास, म्हणाला.

इथं थांबलं असतं तरी... पण थांबलं नाही.

रोजच्या प्रार्थनेच्या शेवटी आमच्याकडे एक ओळ वाढली — "इनासबाळा, आमच्यासाठी विनंती कर." ती मोठी माय सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. भावाच्या परीक्षेला इनास, बाबांच्या खोकल्याला इनास. आंतोनीचा मान गेला, त्याची तसबीर कायमची सरळ झाली. आणि तिला ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची असायची. मसाला निवडताना, पाय दाबून घेताना. "सांग गं, पाणी पडलं तवा कसा दिसला?" मी सांगायची. आधी थोडं, मग जास्त. डोळे उघडले, म्हणाले. एका वर्षी म्हणाले, माझं बोट धरलं. पुढच्या वर्षी तो हसला. ती डोळे मिटून ऐकायची. आई पण ऐकायची, हातातलं काम थांबवून. त्या दोघींसाठी करत होते, असं मी स्वतःला सांगायची. खरं सांगू? मला त्या गोष्टीतली फिलू आवडायला लागली होती.

ती जपमाळ, फादरची चिठ्ठी, "हिचा हात पक्का हाय" — यावर मी मुंबईला नर्सिंगला गेले. पुढं नर्स झाले, चांगली झाले. वॉर्डात म्हणतात, सिस्टर मरणाऱ्याचा हात सोडत नाहीत. पुण्य जोडताय, म्हणतात. मी त्यांना बोलू देते. मला फक्त पुन्हा कधी विहिरीवर बसायचं नाही, एवढंच त्यात आहे.

मग चर्चमध्ये लॅटिन जाऊन मराठी आलं, तरुण फादर आले. एक जण प्रवचनात म्हणाला, त्या बाळांची काळजी करू नका, देव इतका कोत्या मनाचा नाही. मला केवढं हलकं वाटलं! घरी येईपर्यंत वाटलं. मग लक्षात आलं की देवानं इनासला केव्हाच घेतलं असेल, देवाचं काही अडलेलं नाही. माझा प्रश्न देवाशी नव्हताच. मी फसवलं ते मोठ्या मायला.

सुट्टीत घरी आले होते, तेव्हा भागीकाकू एकदा मागल्या दारी मला एकटीला म्हणाल्या, "इजाबायला मी कदी बोलले नाय, बोलणार बी नाय. पन तुला सांगते. तू विहिरीवरनं येस्तोवर पोर तसंच नाय गेलं. मी त्याच्या ओठाला पाण्याचं बोट लावलं. आमच्यात लावत्यात. तहानलेलं नको जायाला."

 मी आभारसुद्धा मानले नाहीत. त्या बाईनं रक्तानं भरलेल्या हातांनी आईला सांभाळलं आणि त्यातून एक बोट मोकळं करून आपला धर्म पाळला. मला दोन्ही हात मोकळे होते.

तरीही मी गप्प राहिले. आणि आता जे सांगते, ते मी अकरा वर्षांची असताना केलेलं नाही. ते पूर्ण वाढलेल्या, पगार घेणाऱ्या बाईनं केलेलं आहे.

मोठी माय थकली. किती वर्षं ती एकच सांगत आली होती — मला भिंतीला लागून ठेवा, करंजाच्या बाजूला. मध्ये भिंत असली म्हणून काय, बाहेरच्याच्या बाजूला तर असंन. बाबांनी जागा बोलूनही ठेवली होती. शेवटच्या वर्षी तिनं ते बदललं. मला जवळ बसवून म्हणाली, "फिलू, मला इनासबाळाजवळ ठेवा गं. बाहेरच्याला मी एकली कुटं शोदू अंदारात? इनास देवाजवळ हाय, त्याची वळख हाय तितं. तो मला न्हेईल. मंग आमी दोगं मिळून बाहेरच्याला आत आणू." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर ना गं?"

पुन्हा तोच "ना". तेव्हा सांगायला हवं होतं. ती रडली असती, मला हाकलून दिलं असतं, माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं — पण आपल्या पहिल्या लेकराशेजारी गेली असती. माझ्या तोंडाकडे ती नीट बघत होती, गुळाच्या वेळी बघायची तशी. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "बरोबर."

तिला इनासजवळ ठेवलं. करंज दफनभूमीच्या एका टोकाला आणि ती दुसऱ्या. मध्ये अख्खी दफनभूमी.

भागीकाकू गेल्या, आई गेली. मला विचारू शकेल असं कुणी उरलं नाही, म्हणून आज तोंड उघडलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. खोटं नाही ते. या वर्षी मेलेल्यांच्या दिवशी मी पहिल्यांदा फाटकातून बाहेर पडून भिंतीला वळसा घातला. करंजाखाली गवत माजलंय, जागा नक्की कुठली ते कळत नाही. मेणबत्ती लावली. वारा होता, विझली. पुन्हा लावली. बाहेरच्याला सांगितलं — तुझी आय तुझ्याजवळ येणार होती, मी येऊ दिली नाही. मग रविवारी फादरलाही सांगितलं. वाट्टेल ते प्रायश्चित्त द्या म्हटलं. त्यानं दिलं ते केलं.

पण एक गोष्ट त्यालाही सांगायची राहिली, ती तुम्हाला सांगते. भागीकाकूंनी बाळाच्या ओठाला बोट लावलं, ते कुठल्या पाण्याचं? मी तर घागर घेऊन विहिरीवर होते. दाराशी, सुपापासून हातभर अंतरावर, कळशी होती. काठोकाठ भरलेली. सकाळी मीच भरून ठेवली होती.